पलंग, मेज, खुर्ची, दिवा

घरात मला भोंगा म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. मी पाळण्यात रडले की गल्लीच्या टोकाला असलेल्या त्यांच्या दुकानात ऐकू जायचं म्हणे, आणि गिऱ्हाईक विचारायचं, कारखाना सुटला की काय. ताईचं अगदी उलट. तिचा आवाज हलका, पण चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत आरामात पोचायचा, माइक बिघडलेला असला तरी. रविवारच्या पहिल्या मिस्सात, म्हणजे सकाळच्या उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं. ती नन व्हायला मठात गेली आणि ते माझ्याकडे आलं.

वारसाहक्काने नाही हं. रीतसर परीक्षा देऊन. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या माणसांत, वाचकांना तयार करायला एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, त्यांना सगळे वाचनबाई म्हणतात. त्या शेवटच्या बाकावर बसतात आणि ऐकू आलं नाही की हात वर करतात. माझ्या वेळी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि कानांवर ठेवले. तरी घेतलं मला. स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा, पूर्णविरामाला मान वर करून लोकांकडे पाहायचं, असा त्यांचा नियम. ताईने त्यात आपली एक भर घातली होती. लोकांकडे म्हणजे सगळ्यांकडे नाही, मागच्या बाकावरच्या एकाच माणसाकडे पाहायचं. तो उतारा त्याच्या एकट्यासाठीच आलाय असं समजून वाचायचं.

मागच्या बाकावर आमचे बाबा बसतात. त्यामुळे मी दर रविवारी बाबांना वाचून दाखवते आणि ते दर रविवारी माझ्या डोक्यावरून वेदीमागच्या खिडकीकडे पाहत राहतात. मिस्सा संपला की अंगणात माणसं घोळक्या-घोळक्यांनी उभी राहतात. माझ्या वर्गातल्या मुली उशिराच्या मिस्साला येतात, त्यामुळे मी एकटीच आईच्या पर्सला लटकून उभी. रविवारी सकाळी एवढं मोठं चर्च भरून माणसं माझं ऐकतात, आणि घरी गेल्यावर पुढच्या रविवारपर्यंत माझं ऐकायला कोणी नसतं.

तसे आई-बाबा घरातच असतात. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. तिथल्या वाफेत दिवसभर उभी राहून आली की तिला बोलायचा कंटाळा येतो. बाबांचं दुकान वाइंडिंगचं. जळालेले पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप आणायचे, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत गुंडाळायची. वेढे मोजताना मध्ये बोललेलं चालत नाही. आकडा चुकला की सगळी तार उतरवून पहिल्यापासून. आम्ही लहानपणापासून हे पाळत आलोय. पूर्वी बाबा मोजता मोजता ताईला भुवयांनी उत्तरं द्यायचे. ती गेल्यापासून त्यांचं एकच. काही विचारायला गेलं की, "मोजतोय." आता, त्यांच्या वाइंडिंग मशीनला वेढे मोजणारा काटा आहे. हँडल फिरवलं की तो आपोआप पुढे सरकतो. हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, दुकानासमोर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा माहीत असेल. पण आम्ही कोणी बोलत नाही.

आणि ताईची खोली. घराच्या बाजूने लोखंडी जिना वर गच्चीवर जातो, तिथे ही एवढीशी खोली आहे. आधी तिथे अडगळ होती, दहावीच्या वर्षी ताईने स्वतः चुना मारून ती आपली केली. आत एक पलंग, एक मेज, एक खुर्ची आणि एक दिवा. दिवा बाबांनी बनवलेला. मेलेल्या मिक्सरच्या बुडावर उभा केलेला, पुढे मिक्सरचंच बटण. एकवर लागतो, दोन आणि तीन नुसते शोभेला. ताई म्हणायची, तीनवर ठेवला तर अभ्यासाची चटणी होईल. मठात जाताना तिने यातलं काहीच नेलं नाही. ज्या पलंगावर कोणी झोपत नाही, त्याची चादर आई दर शनिवारी बदलायची. कोपरे असे घडी करून आत खोचलेले, हॉस्पिटलसारखे.

यंदा माझं बोर्डाचं वर्ष. बाबांनी दोनदा सुचवलं की भोंग्याने वर जाऊन अभ्यास करावा, खाली मी पाठांतर करते तेव्हा शेजाऱ्यांचंही पाठ होतं. मी म्हटलं वर उकडतं. मग म्हटलं वर पाली आहेत. खरं कारण मला माहीत होतं आणि बहुतेक त्यांनाही. मी त्या खोलीत गेले की ती माझी खोली होणार, म्हणजे ताई परत येणार नाही यावर आपणच शिक्का मारल्यासारखं. आणि ताई परत येऊ शकत होती. मठात आधी काही काळ राहायचं, शिकायचं, स्वतःला तपासायचं, आणि मग ठरवायचं, व्रतं घ्यायची की घरी जायचं. कितीतरी मुली परत येतात, त्यात काही कमीपणा नसतो. ताईला या महिन्यात ठरवायचं होतं. घरात कोणी त्यावर अवाक्षर काढत नव्हतं आणि त्याशिवाय दुसरा विषयही नव्हता.

आमच्या दोघींचा एक करार होता. ती गेली त्या दिवशी बस स्टँडवर मी भोंगा वाजवायला सुरुवात केली होती. तेव्हा तिने माझं तोंड दाबून सांगितलं, की वेडे, जगात जिथे जिथे आपलं चर्च आहे तिथे रविवारी एकच वाचन असतं. तू इथे जे वाचशील तेच मी तिथे ऐकत असेन. त्याच दिवशी, तेच शब्द. म्हणजे तू मलाच वाचून दाखवतेस असं समज.

मला ते इतकं पटलं की मी रडायची थांबले. मठातून महिन्यातून एका रविवारी फोन यायचा. ऑफिसातला फोन, समोर मोठ्या सिस्टर बसलेल्या, मागे बाकीच्या मुलींची रांग. अशात मनातलं काय बोलणार? म्हणून आम्ही वाचनातून बोलायला लागलो. गेल्या वर्षी एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाला म्हणतो की पुरे झालं, आता ने मला, तो उतारा आला होता. तेव्हा ताईने फोनवर एवढंच विचारलं, तो एलीया आठवतोय ना गं? मी समजले की बाईसाहेब थकल्यात. मग देवदूत त्याला म्हणतो ऊठ, खा, म्हणून मी तिला विचारलं, भाकर मिळाली का? ती हसली आणि म्हणाली, कालच मिळाली. आईला वाटलं मठात जेवण वेळेवर देत नाहीत.

यंदा उपवासकाळात उधळ्या मुलाचा उतारा आला, घर सोडून गेलेला परत येतो आणि बाप त्याच्यासाठी वासरू कापतो तो, तेव्हा ताईने विचारलं की घरी राहिलेल्या भावाचं पुढे काय झालं, ते का नाही कुठे लिहिलं. मी म्हटलं, काय व्हायचंय? घरी राहिलेला घरीच राहतो. त्याच्यासाठी वासरू नाही कापत कोणी. मग रांगेतल्या पुढच्या मुलीचा आवाज आला.

तर त्या महिन्याचा फोन ज्या रविवारी यायचा होता, तो चर्चच्या पंचांगात सामान्यकाळातला तेरावा रविवार. आदल्या दिवशी वाचनाची तयारी करायचा नियम आहे. पण शनिवारी मला फिजिक्सची जर्नल पूर्ण करायची होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता माझ्यासारखीला कशाला तयारी. घंटाकाका म्हणजे आमचे सॅक्रिस्टीतले, वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीतले, काका. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, पुस्तकात फीत घालून ठेवणं, सगळं त्यांच्याकडे. रविवारी सकाळी ते पान काढायला लागले, तर मी म्हटलं, काका, तुम्ही घंटेला जा, मी बघते. वाचनांचं ते लाल पुस्तक उचलायलाच दोन हात लागतात. मी 'सामान्यकाळातील तेरावा रविवार' हे मोठ्या अक्षरातलं नाव शोधलं, फीत घातली आणि केस नीट केले.

उतारा मी पहिल्यांदाच पाहत होते आणि तरीही वाचायला लागल्यावर माझ्या अंगावर काटा आला. अलीशा संदेष्टा शूनेम गावावरून येत-जात असतो. तिथली एक बाई त्याला जेवायला घालते. मग ती नवऱ्याला म्हणते, हा देवाचा माणूस आहे, आपण गच्चीवर त्याच्यासाठी एक छोटी खोली बांधू या. तिथे पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा ठेवू या, म्हणजे तो आला की तिथे राहील.

इथे पूर्णविराम होता. मी मान वर केली. बाबा खिडकीकडे पाहत नव्हते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याकडे पाहत होते. पुढच्या बाकांत, महिला मंडळाच्या बायकांमध्ये बसलेल्या आईच्या हातातला रुमाल तोंडाशी गेला होता. बाकीचं मी कसं वाचलं आठवत नाही. "हा प्रभूचा शब्द" म्हटलं आणि सगळं चर्च म्हणालं, "देवाला धन्यवाद."

गायकवृंदाने स्तोत्र म्हटलं. मग दुसऱ्या वाचनाला पोस्टातले काका आले. हे पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसतात आणि वाचनसुद्धा पार्सलासारखं नीट बांधून देतात. ते पुस्तकासमोर उभे राहिले, पान उलटलं, अजून एक उलटलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. वय झालं की पान सापडत नाही.

शुभवर्तमान फादर वेगळ्या पुस्तकातून वाचतात. त्यात येशू म्हणतो की नांगराला हात घालून जो मागे पाहतो तो माझ्या कामाचा नाही. मग मोठ्या फादरांचं प्रवचन. त्यांना कमी ऐकू येतं. गायन सुरू झालं की कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते आधीच बंद करून ठेवतात आणि चालू करायला विसरतात. ते म्हणाले, आज आपण अलीशाविषयी ऐकलं. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे त्यांनी नांगर जाळल्याचं काहीतरी काढलं, बैलांच्या जोड्या काढल्या, मागे परतायला त्याने काही शिल्लकच ठेवलं नाही म्हणाले. फादर भरकटले की लोक आपापल्या चपला न्याहाळतात. मीही न्याहाळल्या. माझ्या डोक्यात पलंग, मेज, खुर्ची, दिवा, एवढंच फिरत होतं.

दुपारी फोन आला. आधी आई बोलली, तब्येत, पाऊसपाणी, सगळं. मग बाबा बोलले, म्हणजे त्यांनी दोनदा "हं" केलं. मग फोन माझ्याकडे. आई ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि तिने नळ बंद केला.

मी विचारलं, "ठरलं का?"

"आजचं वाचन ऐकलंस ना?" ताई म्हणाली.

"ऐकलंस काय? मीच वाचलं."

"मग तेच माझं उत्तर आहे, भोंग्या. आई-बाबांना तू सांग. मला नाही जमायचं सांगायला, इथे सगळे समोर आहेत. तुझा आवाज मोठा आहे."

तिचा आवाज ओला होता. माझाही झाला. मी विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, अगदी नक्की. मग रांग पुढे सरकली.

मी सांगितलं. पलंग, मेज, खुर्ची, दिवा, शब्दशः. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. बाबा लोखंडी जिना चढून वर गेले आणि थोड्या वेळाने वरून बटणाचा आवाज आला. टक. एकवर.

पुढचे दिवस आमच्या घरात माणसं राहायला आल्यासारखी वाटत होती. माणसं तीच, आम्ही तिघं. पण जेवताना बोलत होतो. आई लाँड्रीतल्या मुकादमीणबाईची नक्कल करून दाखवायची. मला वाटायचं हिला नकला येत नाहीत. बाबा दुकानातून येताना रंगाचा डबा घेऊन आले आणि त्यांनी जिन्याला रंग मारला, आकाशी, ताईच्या आवडीचा. मारताना शिट्टी वाजवत होते. मी विचारलं, ताई आल्यावर मी वर तिच्याकडे झोपायला जाऊ का? तर त्यांनी "मोजतोय" म्हटलं नाही. म्हणाले, जागा तर बघ किती आहे, दोघी झोपलात तर पाय जिन्यावर काढावे लागतील. आईने खोलीतले पडदे काढून धुवायला नेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मला ताईची आठवण येते म्हणजे खरं तर या दोघांचीही येत होती.

बुधवारी शाळेतून येताना मी दुकानात थांबले. बाबा मशीनवर पंपाची तार गुंडाळत होते. मी बाकड्यावर बसून तुटकी तार वेगळी करत होते. तेवढ्यात पोस्टातले काका एक टेबलफॅन काखेत मारून आले. फॅन मान फिरवत नाही म्हणाले, बायकोसारखा एकाच दिशेने तोंड करून बसतो. मग मला पाहून हसले आणि बाबांना म्हणाले, तुमच्या भोंग्याने रविवारी अख्ख्या धर्मग्रामाचं वर्ष चुकवलं.

मी म्हटलं, कसलं वर्ष?

त्यांनी समजावून सांगितलं, रागाने नाही, पार्सलावर पत्ता चुकलाय हे सांगावं तसं. रविवारच्या वाचनांची तीन वर्षं असतात, अ, ब आणि क. एकच रविवार, पण दरवर्षी वेगळं वाचन. हे मला माहीत होतं. वाचनबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पुस्तकात ती तिन्ही एकापाठोपाठ येतात, आधी अ. यंदा चालू आहे क. तेराव्या रविवारचं मोठं नाव पाहून मी पहिलंच पान पकडलं होतं, खालचं बारीक 'वर्ष अ' पाहिलंच नव्हतं. काका म्हणाले, माझं पान शोधताना मला कळलं, पण वेदीपाशी कोणी कोणाला टोकतं का, आणि तू वाचलंस इतकं छान की फुकट कशाला घालवा. मोठ्या फादरांना ऐकूच आलं नाही, ते बिचारे बरोबर वाचनावर बोलत राहिले.

मी विचारलं, बरोबर वाचन कोणतं होतं?

काकांनी फॅन बाकड्यावर ठेवला. म्हणाले, तोच अलीशा. पण सुरुवातीचा. तो शेतात नांगर धरून चालतोय. एलीया येतो आणि आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो, म्हणजे चल माझ्याबरोबर. अलीशा म्हणतो, आई-बाबांचा मुका घेऊन येतो. मग तो परत जातो, बैल कापतो, नांगराचंच लाकूड जाळून ते मांस शिजवतो, लोकांना खायला घालतो आणि एलीयाच्या मागे निघून जातो.

मशीनचं हँडल थांबलं होतं. ते कधी थांबलं मला कळलं नाही. काकांना वाटलं बाबा फॅनबद्दल विचार करतायत. ते म्हणाले घाई नाही, शनिवारी नेतो, आणि गेले.

दुकानात वार्निशचा वास होता. समोरचा कुत्रा उठला, अंग झटकून पुन्हा झोपला. मी बाबांकडे पाहत होते, ते मशीनच्या काट्याकडे. काटा आकडा दाखवत होता, स्पष्ट. तरी बाबांनी तारेचं टोक सोडवलं आणि सगळी तार उलटी उतरवायला लागले.

"म्हणजे नांगर जाळला तिने," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, मी मुद्दाम नाही केलं. ते म्हणाले, माहीत आहे. मग बराच वेळ नुसती तार उतरत राहिली. त्यांच्या पायाशी तांब्याचा ढीग साचला.

"आईला तूच सांग," ते म्हणाले. "ताईने तुझ्याकडेच दिलंय ते सांगायला."

आकाशी जिना अजून हाताला चिकटत होता. वर आई खुर्चीत बसून धुतलेल्या पडद्यात कड्या ओवत होती. मला पाहून म्हणाली, बरं झालं आलीस, तू उंच आहेस, दांडा तू लाव. मेजावर ताईचं बायबल होतं. मी ते उघडलं. सरळ सांगायची माझी छाती नव्हती, आणि सांगायला लागले असते तर भोंगा वाजला असता. म्हणून मी म्हटलं, आई, रविवारी माझं पान चुकलं होतं, वर्ष चुकलं. ताईने जे ऐकलं ते हे. आणि उभी राहिले, चर्चमध्ये राहते तशी, आणि वाचलं.

स्वल्पविरामाला श्वास घेतला. पूर्णविरामाला मान वर केली. मागचा बाक नव्हता, फक्त आई होती, मांडीवर पडदा घेऊन. आवाज मी ताईसारखा हलका ठेवला, खोली छोटी होती. नांगराचं लाकूड पेटलं, लोक जेवले, तो उठून निघून गेला. उतारा संपला आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "हा प्रभूचा शब्द."

"देवाला धन्यवाद," आई म्हणाली.

आयुष्यभर म्हणत आलीय ती, तिला विचार करावा लागत नाही. म्हणून झाल्यावर तिने स्वतःचं ऐकलं. तिचा हात अर्धवट ओवलेल्या कडीवर तसाच राहिला. मी वाट पाहत होते, ती रडेल, मला रागावेल, काहीतरी. तिने विचारलं, "त्या जेवणाला त्याचे आई-बाप होते का गं?"

मी पुन्हा पाहिलं. लोकांना वाढलं, एवढंच होतं. मुका घ्यायला जातो म्हणाला, पण घेतला की नाही, तेही नव्हतं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

"लिहिणाऱ्याच्या घरातून कोणी गेलं नसेल," आई म्हणाली, आणि पुढची कडी ओवली.

मग ती रडली. मी पलंगावर बसले, त्या खोचलेल्या कोपऱ्याच्या चादरीवर, जिथे बसायला मनाई होती, आणि मीही रडले. गंमत म्हणजे माझा आवाजच निघाला नाही. ताईला वाटत असेल, आम्ही रविवारी दुपारी रडलो असू, फोन ठेवल्या ठेवल्या, ती रडत होती तेव्हाच. तर रविवारी आम्ही हसत होतो आणि जिन्याला रंग आणायचं ठरवत होतो. रडलो ते बुधवारी, तिला पत्ताही नसताना. आमच्या करारात असं पहिल्यांदाच झालं होतं. ती एका उताऱ्यात आणि आम्ही दुसऱ्यात.

आईने डोळे पुसले आणि पडदा माझ्याकडे दिला. म्हणाली, धुतलाय तर लावून टाक. मी दांडा लावला.

शनिवारी बाबा दुकान लवकर बंद करून आले. मी खाली जमिनीवर पुस्तकं पसरून बसले होते. त्यांनी काही न विचारता एक खोकं आणलं आणि माझी पुस्तकं त्यात भरायला लागले, रसायनशास्त्र, भूमिती, फुटकी कंपासपेटी. मी या वेळी पालींचं नाव काढलं नाही. खोकं घेऊन ते जिना चढले, मी मागून. मेजावर त्यांनी पुस्तकं रचली. ताईचं बायबल होतं तिथेच ठेवलं, फक्त जरा कडेला सरकवलं. दिव्याचं बटण फिरवून पाहिलं. म्हणाले, दोन आणि तीनलाही जोडून देतो पुढच्या आठवड्यात, बोर्डाचं वर्ष आहे. मी विचारलं, आणि ताई सुट्टीला आली तर? व्रतं घेतल्यावर काही दिवस घरी पाठवतात. ते म्हणाले, तेव्हा तू खाली. मग दारात थांबले, आणि आज ते मोजत नव्हते, म्हणून मी विचारलं, बाबा, तुम्ही रविवारी माझ्याकडे का पाहत होता? ते म्हणाले, तू वाचत होतीस म्हणून. आणि उतरून गेले.

संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन तयारी केली. घंटाकाकांनी फीत घातली होती. मी तरी नाव पाहिलं, चौदावा रविवार, आणि खाली बारीक अक्षरात वर्ष क, आणि त्या क वर बोट ठेवून उतारा वाचला. रिकाम्या बाकांना. तिथे कोणी धन्यवाद म्हणायला नव्हतं, फक्त काका मेणबत्त्यांचं गळलेलं मेण खरवडत होते.

रविवारी मी पुस्तकासमोर उभी राहिले. आई महिला मंडळाच्या बाकावर नव्हती. मला क्षणभर भीती वाटली. मग दिसली, मागे, बाबांच्या शेजारी. यशयाचा उतारा होता. देव आपल्या माणसांना सांगतो, आई जशी लेकराची समजूत काढते तशी मी तुमची काढीन. इथे पूर्णविराम. मी मान वर केली आणि शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे दोघं होते. तिकडे, कुठल्यातरी पांढऱ्या भिंतींच्या चॅपेलमध्ये, ताईसुद्धा या घडीला हेच ऐकत असेल, आणि तिला वाटत असेल मी हे तिच्यासाठी वाचतेय. वाचतही होते. पण समजूत कोण कोणाची काढणार, हे उताऱ्यात कुठेच नव्हतं.

"हा प्रभूचा शब्द," मी म्हटलं, आणि चर्च म्हणालं ते म्हणालं. त्यात आईचा आवाज मला वेगळा काढता आला नाही.

स्तोत्र झालं. पोस्टातले काका उठले, पुस्तकासमोर आले, चष्मा लावला. त्यांना पान उलटावं लागलं नाही.